ताटावरचा कॅमेरा : सातारा-सांगलीच्या घरगुती अन्नाला चित्र कधी मिळाले?

१/२४
सातारा असो वा सांगली, आज घरात पुरणपोळीचे पान वाढले की पहिल्या घासाआधी ताटावर मोबाइल येतो. क्षणभर सगळे हात थांबतात, फोटो निघतो आणि मग जेवण सुरू होते. आता त्याच घरातील जुनी ट्रंक उघडावी. मुंज, लग्न, शाळेचा निरोपसमारंभ, पलटणीत भरती झालेल्या मुलाचा गणवेशातील फोटो, हे सारे तिच्यात सापडते. त्या लग्नात काय शिजले होते, त्या मुलाला आईने शिदोरीत काय बांधून दिले होते, याचे चित्र मात्र सापडत नाही. छायाचित्रणाची कला पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. घरच्या ताटापर्यंत पोहोचायला कॅमेऱ्याला दीडशेहून अधिक वर्षे का लागली? (धागा)

२/२४
याचे उत्तर एकाच कारणात मिळत नाही. प्रकाश, रसायने, सोवळे, पैसा आणि ‘नोंदवण्याजोगे काय’ याची समाजाची कल्पना, अशी किमान पाच कुलुपे स्वयंपाकघराच्या दाराला होती. ती वेगवेगळ्या काळी उघडली. त्यांतील काही किल्ल्या तर सातारा-सांगलीच्याच भूमीत घडल्या. आणि कॅमेरा येण्याआधी घरचे अन्न अगदीच नोंदीविना राहिले, असेही नाही. त्याची नोंद ठेवणारे एक साधन प्रत्येक मांडणीवर पालथे पडलेले होते. त्या साधनापर्यंत हा धागा शेवटी येणार आहे.

३/२४
सुरुवात युरोपातून करावी लागते. छायाचित्रणाचा आद्य प्रवर्तक निसेफोर नीप्स याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या अगदी आरंभीच्या चित्रांत एक मांडलेले जेवणाचे मेज आहे. पुढे इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८४४ ते १८४६ या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हा सचित्र ग्रंथ भागाभागाने काढला. त्यात फळांच्या टोपल्यांचे एक चित्र आहे, चिनी मातीच्या भांड्यांचे एक आहे. फळे आणि भांडी स्थिर राहतात. त्यांना कितीही वेळ प्रकाशात ठेवता येते. वाफ निघणारे, निवणारे, सुकणारे शिजलेले अन्न त्या काळच्या कॅमेऱ्याला परवडणारे नव्हते.

४/२४
भांड्यांच्या चित्राखाली टॅल्बटने एक मार्मिक विचार मांडला आहे. चोराने ही भांडी पळवली, तर हे मूक चित्र न्यायालयात पुरावा म्हणून उभे करता येईल, असा त्याचा आशय आहे. म्हणजे मालमत्तेचा पुरावा हा छायाचित्राचा एक उपयोग जन्मापासूनच सांगितला गेला होता. मराठी घरांनी हा प्रश्न कॅमेऱ्याविना सोडवला. तांब्या, परात, पातेले, पुढे स्टीलचे डबे यांवर नाव, गाव, तारीख आणि प्रसंग कोरून घेण्याची प्रथा घरोघरी रुजली. अमक्याच्या लग्नात अमक्याकडून, असा तो लेख असतो. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याने कागदपत्रांआधी मांडणीवरची भांडी पालथी करून पाहावीत, ती याच कारणासाठी.

५/२४
छायाचित्रणकला महाराष्ट्रात आली ती मुंबईच्या बंदरातून. १८५४ मध्ये तेथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. या पिढीच्या कॅमेऱ्यांनी लेणी, देवळे, किल्ले, राजेरजवाडे आणि ‘जातीजमातींचे नमुने’ टिपले. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा संग्रह निघाला; त्यात माणसे पोशाखानिशी, हत्यारांनिशी उभी आहेत. त्यांच्या ताटात काय होते, हे चित्राचा विषय होऊ शकते असे राज्यकर्त्यांना वाटले नाही. खुद्द माणसांनाही ते वाटत नव्हते.

६/२४
तंत्राचीही अडचण मोठी होती. १८५१ नंतर प्रचारात आलेल्या ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत काचेवर कोलोडियनचा लेप द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात धुवायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. छायाचित्रकाराबरोबर तंबू, बाटल्या आणि पाणी यांचा लवाजमा चाले. शिवाय हवा भरपूर उजेड. माण-खटावच्या धाब्याच्या घरात किंवा कृष्णाकाठच्या वाड्यात स्वयंपाकघर बहुधा सर्वांत आतले, धुराने काळवंडलेले आणि एखाद्या झरोक्यावर भागवणारे. तेथे चूल दिसे, पण काचपट्टीवर चित्र उमटावे एवढा प्रकाश नव्हता.

७/२४
समजा, पान अंगणात मांडले असते, तरी काय उमटले असते? त्या काळच्या रसायनांना निळा प्रकाश ‘दिसे’; पिवळा फारच कमी आणि तांबडा जवळपास नाहीच. म्हणून निळे आकाश चित्रात पांढरे येई आणि पिवळ्या-तांबड्या वस्तू काळ्या पडत. आता सांगली म्हणजे हळदीची पेठ. हळद घातलेले वरण, तिखटाचा तांबडा कट, गुळाचे पुरण हे सारे त्या काचेवर काळ्या डागांसारखे उतरले असते. भात, दही आणि मीठ तेवढे उजळले असते. तांबड्यासह सर्व रंगांची उजळता योग्य प्रमाणात टिपणाऱ्या काचपट्ट्या बाजारात आल्या त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात.

८/२४
गंमत अशी की, छायाचित्र स्वतः स्वयंपाकघरातूनच जन्मले. टॅल्बटच्या कागदाला मीठ लागे. १८५० पासून रूढ झालेल्या छापचित्रांना अंड्याचा पांढरा बलक लागे. १८७१ नंतरच्या कोरड्या काचपट्ट्यांना जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेले जिलेटिन लागे. ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये विक्रीस आणलेल्या रंगीत काचपट्ट्यांत तर रंगवलेल्या बटाट्याच्या पिठाचे कण होते. मीठ आणि बटाटा कुठल्याही स्वयंपाकघरात चालतील. पण अंडे आणि हाडाचे जिलेटिन घेऊन सोवळ्याच्या चुलीजवळ कोण जाणार? जेथे घरचाच माणूस आंघोळीविना आत येऊ शकत नव्हता, तेथे परका माणूस आणि त्याची रसायने यांना उंबराच आडवा होता.

९/२४
सोवळे ही काही घरांची गोष्ट. नजरेची भीती मात्र सर्व थरांत होती. खाणाऱ्याच्या घासाकडे टक लावून पाहू नये, नैवेद्य झाकून न्यावा, दूध उघडे नेऊ नये, लहान मुलाला चारचौघांत भरवू नये, हे संकेत आजही ऐकू येतात. अन्न हे दाखवण्याची नव्हे, वाढण्याची वस्तू होती. शेजारी उपाशी असेल तर आपले भरले ताट मिरवणे हा उद्दामपणा ठरे. हा संकेत केवळ अंधश्रद्धेत ढकलून चालत नाही. वारंवार पडणाऱ्या दुष्काळाच्या प्रदेशात तो शिष्टाचारही होता.

१०/२४
आणि दुष्काळानेच कॅमेऱ्याला अन्नाच्या प्रश्नाशी प्रथम गाठून दिले. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात मुंबई इलाख्यातील सातारा, सोलापूर, पुणे, नगर आणि कलादगी हे जिल्हे होरपळले. मद्रास इलाख्याची स्थिती आणखी भयंकर होती. तेथे विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांची छायाचित्रे घेतली. ती जगभर पोहोचली, गाजली आणि वादग्रस्तही ठरली. म्हणजे हिंदुस्थानातील माणसाच्या पोटाचे जे चित्र जगाने आधी पाहिले, ते रिकाम्या पोटाचे होते. भरलेल्या ताटाचे चित्र यायला आणखी शतक जावे लागले.

११/२४
या दुष्काळाची दुसरी नोंद शब्दांत झाली. मूळचे साताऱ्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाचे वृत्तांत जमवून सरकारपुढे मांडले. तत्कालीन सातारा जिल्ह्यातील नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी १८७७ मध्ये जुन्नर भागातून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाचे वर्णन आहे. धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय फुले दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्या छावणीतल्या भाकरी थापणाऱ्या हातांचा मागोवा घ्यायचा, तर आज छायाचित्राची नव्हे, पत्रांची आणि आवाहनांची पाने उलटावी लागतात.

१२/२४
अन्नाचे ‘चित्र’ मराठी घराला मुळात ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, फक्त ते कागदावर नव्हते. पान वाढण्याची पद्धत ही एक पूर्ण विकसित मांडणीच आहे. वर मध्यभागी मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. भोवती रांगोळीची महिरप. वाढणारी बाई उभी असते आणि पान खाली असते, म्हणून ही रचना वरून पाहण्यासाठीच बेतलेली आहे. आज मोबाइल ताटावर आडवा धरून घेतला जाणारा फोटो नेमका याच नजरेतून निघतो. नजर जुनीच आहे. तिला यंत्र नवे मिळाले.

१३/२४
पण हे पान सर्वांचे नव्हते. रानात गेलेल्या माणसाची न्याहारी म्हणजे हातावर भाकरी, तिच्यावर मिरचीचा खरडा आणि फोडलेला कांदा. तेथे ताटच नाही, मग मांडणी कसली? अवर्षणी पट्ट्यात हुलग्याचे माडगे रटरटे, ते वाडग्यातून प्यायले जाई. कागदी नोंदींतही हाच भेद दिसतो. १७८३ मधील सवाई माधवरावांच्या लग्नासाठी नाना फडणिसांनी केलेली सविस्तर याद प्रसिद्ध आहे. तंजावरच्या सरफोजीराजांच्या दरबाराचा ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी पाकग्रंथही उपलब्ध आहे. मेजवानीला लेखणी मिळाली; रोजच्या स्वयंपाकाला ती मिळाली नाही.

१४/२४
छपाईने ही स्थिती हळूहळू बदलली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या छापील पाकशास्त्रांत त्याची गणना होते. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ आले आणि स्वयंपाकावर लिहिणारी लेखणी बाईच्या हाती दिसू लागली. हा बदल वाटतो त्याहून मोठा होता. सासूकडून सुनेकडे हातावेगळे न होता जाणारे ज्ञान आता घराबाहेर, अनोळखी वाचकापर्यंत जाऊ लागले. तरीही वाचणारीला पदार्थ डोळ्यांपुढे आणावा लागे तो शब्दांवरूनच.

१५/२४
याच काळात मुंबईत कॅमेरा आणि चूल एका छपराखाली आली. १९१२-१३ मध्ये दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ची निर्मिती दादरच्या राहत्या घरातून करत होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या पट्टीला छिद्रे पाडत, ती धुण्याच्या कामात हातभार लावत आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करत. तारामतीची भूमिका करणारे अण्णा साळुंके हे तर उपाहारगृहात स्वयंपाकाच्या कामाला होते. भारतीय चित्रपटाची पहाट अशी स्वयंपाकघराला खेटून उगवली. मात्र कॅमेऱ्याचे तोंड अयोध्येच्या राजाकडे होते. त्या राजाच्या अख्ख्या दरबाराला दोन वेळा जेवू घालणारी चूल चौकटीबाहेर राहिली.

१६/२४
आता सातारा-सांगलीकडे वळावे. खटाव तालुक्यातील औंध ही एका छोट्या संस्थानाची राजधानी. तेथील राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि औंधचे चित्रसंग्रहालय आजही पाहता येते. सूर्यनमस्कारांचा त्यांनी ध्यास घेतला. त्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघाले. नमस्काराच्या स्थिती त्यात छायाचित्रांनी समजावल्या आहेत. रोज घरात करायची एक साधी क्रिया फोटोने शिकवता येते, हे या मातीत असे सिद्ध झाले. व्यायामाला हा मान मिळाला. भाकरी थापण्याच्या क्रियेला तो मिळायला अजून अवकाश होता.

१७/२४
औंध संस्थानच्याच हद्दीत, कुंडलजवळच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. नांगर आणि पंप यांच्या या गावात १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. शंकरराव किर्लोस्कर हे त्याचे संपादक, आणि ते चित्रकलेत मुरलेले गृहस्थ होते. ऑगस्ट १९३० मध्ये त्यांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केले. आजच्या सांगली जिल्ह्यातील या वसाहतीतून निघणारे अंक महाराष्ट्रभर माजघरांत पोहोचले. घरातील बाईचे जगणे, तिचे शिक्षण, तिचे श्रम हे छापण्याजोगे विषय आहेत, ही जाणीव त्यांनी वाढवली. स्वयंपाकघराच्या दाराचे एक कुलूप येथे सैल झाले.

१८/२४
दुसरे कुलूप प्रकाशाचे. कराड रेल्वे स्थानकालगतच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये ओगले काच कारखाना उभा राहिला आणि पुढे तेथील ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत टांगला गेला. चुलीच्या जाळापलीकडे उजेडाचे एक वर्तुळ तयार झाले. रात्रीची भाकरी कंदिलाच्या प्रकाशात होऊ लागली. कॅमेऱ्याला हा उजेड तोकडाच होता, पण माणसाच्या डोळ्याला पुरेसा होता. १९६२ मध्ये सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्पाची वीजनिर्मिती सुरू झाली आणि त्यानंतरच्या काळात विजेचा दिवा खेड्यांच्या स्वयंपाकघरांपर्यंत सरकत गेला. याची किंमत ज्यांनी मोजली, त्या धरणग्रस्तांच्या चुली शिवसागराच्या पाण्याखाली गेल्या, हेही याच इतिहासाचे पान आहे.

१९/२४
या दोन टप्प्यांच्या मध्ये एक काळ असा आला की, घरच्या अन्नाचे चित्र नसणे हेच शहाणपणाचे होते. १९४३ ते १९४६ या वर्षांत तत्कालीन सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. कुंडल हे त्याचे एक प्रमुख केंद्र. शेकडो भूमिगत कार्यकर्ते गावोगाव हिंडत आणि त्यांना भाकरी मिळे ती सामान्य घरांतून. कोणाच्या चुलीवर आज किती भाकरी जास्त झाल्या, ही पोलिसांच्या दृष्टीने अतिशय मोलाची खबर होती. टॅल्बटने म्हटलेला मूक पुरावा येथे घातक ठरला असता. त्या भाकऱ्यांची नोंद राहिली नाही म्हणूनच चळवळ राहिली. पण त्यामुळे इतिहासात बंदुका मोजल्या गेल्या, भाकऱ्या नाहीत.

२०/२४
१९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. दक्षिण सातारा १९६० मध्ये सांगली जिल्हा झाला. या दशकांत मध्यमवर्गीय घरांत साधे कॅमेरे येऊ लागले. तरीही अन्न चौकटीबाहेरच होते, आणि त्याचे कारण हिशेबाचे होते. १२० क्रमांकाच्या रोलवर चौरस आकाराची बारा चित्रे बसत. रोल विकत घ्यायचा, धुवून घ्यायचा, प्रती काढायच्या, आणि एक चित्र बिघडले की ते पैसे गेले. बारा चित्रांत आजी-आजोबा, बारसे, सहल आणि नवी सायकल बसवायची असताना पिठल्यावर एक चित्र कोण खर्चणार? पिठले तर उद्याही होणारच होते.

२१/२४
आणि नेमक्या याच वेळी सांगलीने घरच्या अन्नाची नोंद ठेवण्याचा आपला मार्ग दाखवला. कमलाबाई ओगले यांचा जन्म १९१३ मध्ये कुंडलचा. शाळा प्राथमिकच्या पुढे गेली नाही. लग्नानंतर सांगलीच्या घरात सासूबाईंच्या हाताखाली त्या स्वयंपाक शिकल्या. १९७० मध्ये त्यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. पुढे त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि त्यांना ‘एक लाख सुनांची सासू’ असे कौतुकाने म्हटले जाऊ लागले. या यशाचे मर्म एका साध्या वस्तूत होते. कमलाबाईंनी प्रमाण दिले ते वाटी आणि चमच्याचे. मांडणीवर पालथे पडलेले साधन म्हटले होते, ते हेच.

२२/२४
‘अंदाजाने’, ‘चवीपुरते’, ‘मूठभर’ हे शब्द शिकवणारी जवळ उभी असेल तेव्हाच उपयोगी पडतात. नोकरीनिमित्त मुंबईला, भिलाईला किंवा परदेशात गेलेल्या नवविवाहितेजवळ सासू नव्हती, आई नव्हती. वाटी मात्र होती. एका वाटीला अमुक चमचे, एवढे कळले की सांगलीची आमटी कुठेही होऊ शकत होती. चित्र पदार्थ कसा दिसतो ते सांगते, माप तो पुन्हा कसा करावा ते सांगते. कॅमेऱ्याने ज्या ज्ञानाकडे शतकभर पाठ फिरवली, ते ज्ञान एका गृहिणीने घरातल्याच भांड्याने मोजून पुढच्या पिढीच्या हाती दिले. आईने मुलीला दिलेली ‘रुचिरा’ची हळदीच्या डागांची प्रत हा त्या काळाचा खरा फोटो-अल्बम आहे.

२३/२४
मग कुलुपे एकदम निखळली. २००० च्या अखेरीस जपानमध्ये कॅमेऱ्यासह फोन विक्रीस आला, २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झाले, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला. रोलचा खर्च संपला, परका छायाचित्रकार संपला. कॅमेरा स्वयंपाक करणाऱ्या हातातच आला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत घरोघरच्या ताटांचे फोटो अक्षरशः ओसंडले. पण निवड अजून चालूच आहे. पुरणपोळी, अख्खा मसूर, मोदक यांना चौकट मिळते. माडगे, कण्या, शिळ्या भाकरीचा काला क्वचितच दिसतो. अन्नाची नोंद जातीनेही कशी झाकली, हे मराठवाड्यापुरते शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकाने दाखवून दिले. तो प्रश्न कृष्णाकाठालाही विचारण्याजोगा आहे.

२४/२४
उद्याचा इतिहासकार आजच्या कोट्यवधी ताटांच्या फोटोंसमोर बसेल, तेव्हा त्याची अडचण वेगळी असेल. चित्रे उदंड असतील. हे कोणी रांधले, कोणत्या गावी, कोणत्या सणाला, किती वाट्यांचे, हे त्यांवर लिहिलेले नसेल. जुन्या तांब्यावर नाव, गाव आणि तारीख होती, ‘रुचिरा’त माप होते, फोटोत हे दोन्ही सहज हरवते. म्हणून घरी ताटाचा फोटो निघाला की त्याखाली चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : करणारीचे वा करणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि वाटीचे माप. आजी चुलीपुढे बसली असेल, तर कॅमेरा ताटावरून उचलून थोडा तिच्या हातांकडे वळवावा. आणि मग तो बाजूला ठेवावा, कारण भाकरी निवते आहे.